शेंगा चटणी आणि कडक भाकरी: कशाला कोणतं पाऊच?

शेंगा चटणी खवट होते ती ऑक्सिजनमुळे. कडक भाकरी वातड होते ती दमट हवेमुळे. सोलापुरातले छोटे उत्पादक दोन्हींसाठी एकच पाऊच घेतात, तिथेच माल बिघडतो.

साध्या एलडीपीई (मऊ, पातळ पॉलिथीन) पिशवीतून हवेतली वाफ फारशी आत येत नाही, ऑक्सिजन मात्र भरपूर येतो. म्हणून ती भाकरीला चालते, चटणीला नाही. मका-उसापासून बनणाऱ्या पीएलए प्लास्टिकचं उलट आहे. ऑक्सिजन ते बऱ्यापैकी अडवतं, पण वाफ कितीतरी जास्त सोडतं. कोरड्या उन्हाळ्यात भाकरी त्यात टिकेल, श्रावणात नाही. शिवाय ५५-६० अंशांना पीएलए मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत ठेवू नये.

पुण्या-मुंबईला चटणी पाठवायची तर ईव्हीओएचचा (ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा) थर असलेलं पॉलिथीन पाऊच आणि आत लोहचूर्णाची ऑक्सिजन शोषक पुडी, हीच जोडी घ्या. पाऊचमध्ये २०० मिली हवा उरली, तर तीत सुमारे ४२ मिली ऑक्सिजन असतो. ५० मिली ऑक्सिजन शोषणारी पुडी काठावर पडते, १०० ची घ्या. काही पुड्या पदार्थातल्या ओलाव्यावरच काम करतात, म्हणून मागताना ‘कोरड्या पदार्थासाठी’ असं सांगा. सिलिका जेल ऑक्सिजन शोषत नाही. साध्या पिशवीत पुडी टाकणंही फुकट, बाहेरून ऑक्सिजन येतच राहतो. पाकीट फोडल्यावर अर्ध्या तासात पुड्या वापरा. चिमटीत भुसभुशीत लागली तर चांगली, आतली पूड खड्यासारखी घट्ट झाली तर संपली.

बहुतेक पाऊच सीलपाशी फसतात. तोंडाला शेंगदाण्याचं तेल लागलं की सील धरत नाही. नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा आणि सील केल्यावर पाऊच पाण्यात दाबून बघा. बुडबुडे आले तर ते गळतंय. लसूण ओला राहिला तर हवाबंद पाऊचमध्ये बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका असतो. तो पूर्ण कोरडा भाजूनच कुटा.

‘कंपोस्टेबल’ म्हणून पीएलए घेताना आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. त्याचं खत होतं ते सुमारे ५८ अंशांच्या औद्योगिक प्रकल्पात. उकिरड्यावर ते तसंच पडून राहतं. आतून चंदेरी थर असलेले खाकी कागदी पाऊच तर घेऊच नका, ते ना कागदाच्या रद्दीत जातात ना प्लास्टिकच्या. गावातच विकायचं असेल तर काचेची बरणी सगळ्यात चांगली. रिकामी परत आणणाऱ्याला पुढची बरणी पैसे कमी करून द्या, बरणी उकळून पूर्ण वाळवा, झाकण मात्र दर वेळी नवं.