मेळघाट की भामरागड?

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्या वैदर्भीय माणसाला डोंगर आणि डोंगरातली माणसं जवळून पाहायची असतील, तर दोन टोकं समोर येतात: पश्चिमेला सातपुड्यातला मेळघाट आणि पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेवरचं भामरागड. लेकरंबाळं सोबत असतील, सुट्टी मोजकीच असेल, तर मेळघाट. एकटे-दुकटे असाल, आखलेला बेत मोडला तरी चालणार असेल, तर भामरागड.

वाटेच्या बाबतीत मेळघाट सरळच सोपा. अमरावतीहून परतवाडा, तिथून एक रस्ता चिखलदऱ्याला चढतो, दुसरा सेमाडोह-हरिसालवरून धारणीला जातो. एसटी मिळते, मुक्कामाची सोय होते. भामरागडला नागपूरहून गडचिरोली, आलापल्ली करत जाण्यातच दिवस मोडतो. शिवाय पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, म्हणून पावसाळ्यात तिकडचा विचारही नको.

पण चिखलदऱ्याचे पॉइंट पाहिले, रबडी खाल्ली, म्हणजे मेळघाट पाहिला असं होत नाही. खरा मेळघाट कोरकूंच्या गावात आहे. मधे रस्ता आणि दोन्ही बाजूंना सरळ ओळीत घरं, अशी त्यांच्या गावाची जुनी रचना. कोरकू भाषा मुंडा कुळातली, म्हणजे तिची भावंडं थेट झारखंड-ओडिशाकडे. त्याच डोंगरात म्हशी पाळणारे गवळी आहेत, गोंड आहेत, निहाल आणि बलाईही आहेत. हे सगळे एकत्र दिसतात ते बाजारात. दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारात गुरं राखणारे थाट्या बासरी वाजवत नाचतात. होळीनंतर फगवा मागणाऱ्या टोळ्या रस्त्यात गाणी म्हणत गाडी अडवतात, तेव्हा कपाळाला आठ्या नकोत. सुटे पैसे काढा, दोन गाणी ऐका. मेघनाथाची जत्राही याच दिवसांतली. रावणाच्या मुलाला पुजणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात राहतात, हे अमरावतीच्या किती मुलांना ठाऊक असतं? मला तर मेळघाटासाठी होळीनंतरचा आठवडाच सर्वांत चांगला वाटतो.

भामरागडला असा ठरलेला देखावा मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. इथे माडिया गोंडांची वस्ती. त्यांची भाषा द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. गावात गोटुल असतं, सगळ्या गावाने एकत्र बसायची जागा. तिथे गावाने बोलावलं तरच पाय ठेवायचा. पेरणी, नवं धान्य, शिकार यांभोवतीचे पंडुम, म्हणजे सण, गाव आपल्या सोयीने ठरवतं, पर्यटकांच्या नव्हे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम गावालगतच आहे. जवळच हेमलकसा. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तिथेच दवाखाना आणि शाळा उभी केली. भेट द्यायची तर आधी कळवून जा. दवाखान्याच्या आवारात दूर खेड्यांतून पायी आलेले रुग्ण असतात, त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका.

मृतांची आठवण ठेवायची रीतही दोन्हीकडे आहे, पण वेगळी. कोरकू सागाच्या फळीवर आकृत्या कोरून स्मृतिफलक उभारतात, त्यालाही मुंडाच म्हणतात, माडिया दगड रोवतात. रस्त्याकडेला असे दगड दिसले तर त्यावर बसू नका, टेकूही नका.

भामरागडचा भाग कित्येक वर्षं माओवादी हिंसाचाराच्या छायेत होता. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरी आडवाटेला जाण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा, ओळखीचा स्थानिक माणूस सोबत घ्या आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. मलेरियाचा भाग आहे, मच्छरदाणी लागेलच. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा.

जेवणात मेळघाटात मका, कुटकी आणि गवळ्यांचं दूधदुभतं. भामरागडकडे भात, आंबील आणि कोणी आपुलकीने वाढली तर लाल मुंग्यांची चटणी. ती आंबट-तिखट लागते, नाक न मुरडता खाऊन बघा.

दोन्ही करायचेच असतील तर आधी मेळघाट करा आणि भामरागड पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. एकाच सुट्टीत दोन्ही उरकायला गेलात तर सगळे दिवस गाडीतच जातील.