बेळगावच्या पावसात इंजिनिअर्ड वूडची फरशी: 16 महिन्यांनंतर काय झालं ते

अनगोळात घर बांधलं, मागच्या वर्षी फेब्रुवारीत वरच्या दोन बेडरूम आणि खाली आईची खोली अशी मिळून साधारण साडेपाचशे स्क्वेअर फूट इंजिनिअर्ड वूड घातली. तेव्हापासून जो येतोय तो दोनच गोष्टी विचारतोय, केवढ्याला पडली आणि वाळवी लागत नाही काय. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. आधीच सांगतो, वरती खूश आहे, खालती फसलो. आणि खालती फसण्यात दुकानवाल्याइतकीच माझीही चूक आहे.

लाकडाच्या जमिनीचं वेड मला आजोबांच्या शहापूरच्या घरापासून. माडीवर सागवानाची तक्तपोशी, पावसाळ्यात वरती अनवाणी बसायचो तरी कधी पाय गारठले नाहीत. तसंच करायचं म्हणून आधी सागवानाच्या फळ्यांचीच चौकशी केली, दांडेलीच्या डेपोतनं लाकूड घेऊन कापून आणायचं वगैरे, पण सुतारानंच नको म्हटलं. जुनी तक्तपोशी तुळयांवर असते, खालनं वरनं हवा खेळती, आणि फळ्यांत फट पडली तर कोण विचारतंय. स्लॅबवर अखंड लाकूड अंथरलं की पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून ते बोंब मारणार. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतंय. इंजिनिअर्डमध्ये हाच खेळ मोडलेला असतो. वरती खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायसारखे उभे-आडवे थर चिकटवलेले, त्यामुळं एक थर वाढायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. वाढते, पण कमी वाढते.

आता घेताना काय बघायचं. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, त्यामुळं खिशात वर्निअर असतो. पहिल्या दुकानात गेलो तर तो म्हणाला 15 एमएमची फळी, वरचा थर 4 एमएम. सॅम्पलच्या कापलेल्या कडेला वर्निअर लावला, 1.8. दुकानदार म्हणतोय पॉलिश धरून चार होतं. पॉलिश काय डांबराचं मारतोस काय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. हा वरचा थरच सगळ्यात महत्त्वाचा आहे बघा. 3 एमएमच्या वर असला तर दहा-पंधरा वर्षांनी एखादेवेळी घासून परत पॉलिश करता येतंय, अर्धा-एक एमएमचा असला तर घासायला गेलात की खालचं प्लायच दिसणार. पैसे या थराचेच असतात, आणि कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात एकूण जाडी छापलेली असते.

शेवटी दुसऱ्या दुकानात 3 एमएम ओकचा थर आणि खाली प्लाय कोअर असलेली 14 एमएमची घेतली. स्क्वेअर फुटाला 560, खालचा फोम, ओल अडवायचं पॉलिथिन, स्कर्टिंग, मजुरी धरून 680 पर्यंत गेली. सागवानाच्या थराची पण होती पण महाग, आणि एक गंमत म्हणजे आपल्याकडं सागवान म्हणजे लोखंडच समजतात, पण दणक्याला ओक जास्त कडक. जांका म्हणून कडकपणाचं एक माप आहे, त्यात व्हाइट ओक 1360 आणि सागवान हजार-अकराशेच्या आसपास. सागवान मोठं ते वाळवी आणि पाणी सोसण्यात.

घ्यायच्या आधी एक उद्योग केला होता. लॅमिनेट, एसपीसी आणि इंजिनिअर्ड, तिन्हीचे तुकडे रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकले. सकाळी लॅमिनेट चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं, कडेनं नुसतं फुगून पापुद्रे सुटलेले, कारण आत दाबलेला लाकडाचा भुसा आणि वरती लाकडाचा छापील फोटो. एसपीसीला काहीच झालं नाही, ते दगडाची भुकटी घातलेलं प्लास्टिकच, पण हात लावला की प्लास्टिक लागतंय. इंजिनिअर्ड शाबूत, फक्त एका कोपऱ्यात वरचा थर केसभर उचललेला. म्हणजे दुकानात वॉटरप्रूफ म्हणून सांगतात ते विसरा. सांडलेलं पाणी पाच-दहा मिनिटात पुसलंत तर चालतंय एवढंच.

बसवायला दोघंजण आले, त्यातला मोठा कन्नड बोलणारा, हाताला चांगला. खोके दोन-तीन दिवस खोलीतच ठेवायचे असतात, लाकडाला घरातली हवा लागू दे म्हणून, तेवढं मी हट्टानं करून घेतलं. वरच्या खोल्यांत लाकडाला फुगायला जागा म्हणून भिंतीला चारी बाजूंनी 10 एमएमची फट सोडून घेतली, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. खालच्या खोलीच्या दिवशी मात्र मी कारखान्यात होतो. संध्याकाळी येऊन बघतोय तर काम संपलेलं. मी विचारलं फट सोडलीस काय, खालच्या जमिनीची ओल बघितलीस काय, तर म्हणाला, "एनू आगूदिल्ल बिड्री." काही होत नाही हो, सोडा. मी पण सोडलं.

आईचं पहिलं वाक्य, "हे कसलं रे घातलास, चालताना वाजतंय नुसतं." खरं आहे. फोमवर तरंगती, म्हणजे खाली न चिकटवता बसवलेली असली की टाचेचा आवाज पोकळ येतो. फोम जाड घातला की आवाज कमी होईल असं वाटतंय पण जास्त मऊ फोमवर फळ्यांचे खाचे दबून सैल होतात, म्हणून 2-3 एमएमचाच घालतात. सवय होते. मांजराला अजून झालेली नाही, ती स्वतःच्याच पळण्याला घाबरते.

चारशे रुपयांचा हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर भिंतीला लावलाय. मार्चच्या दुपारी 30-32 टक्के, जुलैत आठवडाभर 88 च्या खाली आला नाही. लाकडाच्या जमिनीला साधारण 35 ते 60 चांगलं म्हणतात, म्हणजे बेळगावात वर्षातले कितीतरी दिवस आपण त्या हद्दीच्या बाहेरच. तरी वरच्या खोल्यांना काही झालं नाही, उन्हाळ्यात एका ठिकाणी कागद जाईल एवढी फट दिसली, पावसात ती मिटली.

खालच्या खोलीत जुलैच्या शेवटी आई म्हणाली जमीन पायाला खडबडीत लागायलीय. हात फिरवला, कौलांवरनं फिरवल्यासारखा. प्रत्येक फळीच्या कडा वर आणि मधे खळगा. स्टील स्केल आडवी ठेवून पलीकडं टॉर्च धरला तर प्रत्येक फळीच्या मधोमध उजेडाची बारीक चंद्रकोर दिसत होती. हे खालनं ओल लागल्यावर होतं, खालची बाजू फुगते, वरची कोरडी राहते, मग फळी पन्हाळीसारखी वळते. मिस्त्रीला बोलावलं तर तो म्हणतोय रंधा मारून सपाट करून देतो. मी करू दिलं नाही आणि तुम्हीही देऊ नका, कारण ओली असताना कडा तासल्या की सुकल्यावर मधला भाग वर येऊन बसतो, मग दुहेरी नुकसान.

नोव्हेंबरपर्यंत थांबलो, थोडं बसलं, पूर्ण नाही. मग स्कर्टिंग काढलं. एका बाजूची फळी भिंतीला घट्ट टेकलेली, फट शून्य. उचलून बघितलं तर पॉलिथिनचे दोन तुकडे नुसते शेजारी ठेवलेले, एकावर एक घेऊन टेप नाही, आणि जोडाच्या रेषेत फळीच्या पाठीवर काळी बुरशी. खालचं काँक्रीट थेट मातीवर घातलेलं. तेव्हा, म्हणजे सगळं झाल्यावर, मी ती टेस्ट केली जी आधी करायची असते. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून काँक्रीटवर चिकटवून रात्रभर ठेवलं. सकाळी आतनं दव पडल्यासारखे थेंब. आणि तेही नोव्हेंबरात! वरच्या स्लॅबवर कोपऱ्यातल्या चार फळ्या उचलून तीच टेस्ट केली, खडखडीत कोरडं. या टेस्टला खर्च काय, टेपचे वीस रुपये.

दुकानवाला म्हणाला वॉरंटी मालाला आहे, ओलीला नाही. बिलामागं बारीक अक्षरात तसंच छापलंय, वाचलं कोणी.

रोजच्या वापराचं सांगायचं तर बादली आणि फिनेल बंद. मावशींना हे पटवायला दोन महिने गेले, "पाण्याशिवाय पुसलं म्हणजे काय पुसलं" हे त्यांचं म्हणणं, शेवटी घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरवर तह झाला. पाणी नाही तेवढं नुकसान खडीचा बारीक कण करतो, चपलेत अडकून आला की ओरखडा, आणि रांगोळी तर पॉलिशपेपरच, दिवाळीत उंबऱ्याच्या बाहेरच काढतो. खुर्च्यांना खालनं नमदा चिकटवलाय. खोबरेल सांडलं होतं, मॅट लॅकर आहे म्हणून पुसून गेलं. खिडकीजवळची चटई वर्षानं उचलली तर खाली फिकट चौकोन, बाकी लाकूड उन्हानं मधासारखं झालंय. तो चौकोन हळूहळू मिटायलाय.

वाळवी अजून नाही. वरच्या मजल्यावर धोका कमी, तरी बांधकामात पायाला औषध मारलेलं होतं आणि कडेनं परत फवारून घेतलंय.

आईच्या खोलीत आता व्हिट्रीफाइड टाइल्स आहेत, तिथं खरं तर पहिल्यापासून तेच घालायला हवं होतं. टाइल्स झाल्यावर आठवडाभरात म्हणाली पाय गार पडायलेत, ते लाकूडच बरं होतं. काढलेल्यातल्या चांगल्या फळ्या माळ्यावर होत्या, त्यातल्या चार सुताराकडनं खाली पट्ट्या मारून जोडून घेतल्या. खाटेजवळ ठेवलाय तो पाट, सकाळी उठल्यावर पाय पहिल्यांदा त्यावरच ठेवते.