पिल्लांची हगवण: पांढरी की रक्ती, आणि कोणती बाटली उघडायची?

पावसाची झड लागते, शेडच्या कडेचं तूस ओलं होतं आणि तीन-चार आठवड्यांची कोंबडीची पिल्लं पंख सैल सोडून कोपऱ्यात गोळा होतात. मग आपण विष्ठेचा फोटो काढून औषध दुकानदाराला पाठवतो आणि तो देईल ती पुडी पाण्यात टाकतो. मीही पहिल्या दोन बॅचना हेच केलं. आता आधी वय मोजतो, मग मेलेलं पिल्लू फाडून बघतो. औषधाचं त्यानंतर.

वयावरून निम्मा उलगडा होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली मर, गुदद्वाराला चुन्यासारखी चिकटलेली पांढरी विष्ठा, हगताना पिल्लाचं चिरकणं ही पांढऱ्या हगवणीची, म्हणजे साल्मोनेला पुलोरम या जिवाणूच्या रोगाची लक्षणं. ती आईकडून अंड्यातूनच येते. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, बहुधा तीन ते सहा आठवड्यांत गाठते. तिचा परजीवी पोटात गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत पाचेक दिवस जातात, म्हणून चार दिवसांच्या पिल्लाला कॉक्सीचं औषध पाजण्यात अर्थ नाही.

पण ढुंगण चिकटलेलं प्रत्येक पिल्लू साल्मोनेलाचं नसतं. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची जागा, थंड पडला तरी हेच होतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट हवं, पुढे दर आठवड्याला पाचेक अंश कमी. कोमट पाण्याने पुसून ऊब वाढवल्यावर एक-दोन दिवसांत पिल्लं सावरली तर ती थंडीच होती. दुसरी फसगत तपकिरी, चिकट, घाण वासाच्या विष्ठेची. निरोगी कोंबडीही दिवसातून काही वेळा तशी हगतेच.

आता पोस्टमॉर्टम. हातमोजे घाला. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे दोन बंद नळ्या लोंबतात, त्यांना सीकम म्हणतात. रक्ती हगवणीचा परजीवी आयमेरिया, त्यातली टेनेला ही जात असेल तर त्या फुगून गडद लाल झालेल्या असतात आणि कापल्या की रक्ताच्या गुठळ्या निघतात. पांढऱ्या हगवणीतही सीकममध्ये पनीरसारखा गोळा सापडू शकतो, पण तो सहसा पांढरट असतो. सोबत न जिरलेला बलक, काळजा-यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर शंका पक्की. आयमेरियाच्या काही जातींत रक्त येतच नाही, नुसतं पातळ हगणं आणि वाढ खुंटणं. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. नुकतंच मेलेलं पिल्लू बर्फात घालून (गोठवून नव्हे) पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात द्या. विष्ठा हिरवी आणि मान वाकडी असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिला पुढे दिलेलं कुठलंच औषध लागू नाही.

रक्ती ठरली तर बाजारात मुख्यतः दोन पर्याय आहेत.

ॲम्प्रोलियम स्वस्त आणि सौम्य. ते बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं. वीस टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला 1.2 ग्रॅम, पाच दिवस. पुढे चौथाई मात्रा आठवडाभर. आजारी पिल्लू आधी खाणं सोडतं, पाणी पीत राहतं, म्हणून औषध पाण्यातूनच. आणि सोबत ‘ताकदीसाठी’ बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. ही चूक मी केली आहे.

टोल्ट्राझुरिल महाग, पण आतड्याच्या पेशींत शिरलेल्या परजीवीच्या सगळ्या अवस्थांवर चालतं आणि दोनच दिवस द्यायचं. मात्रा किलो वजनाला 7 मिलिग्रॅम. म्हणजे 300 ग्रॅमची 100 पिल्लं असतील तर अडीच टक्क्यांचं द्रावण रोज साडेआठ मिलिलिटरच्या आसपास. अंड्यावरच्या कोंबड्यांना ते चालत नाही. मांसासाठी विकायच्या पक्ष्यांना लेबलवरचा थांबा, म्हणजे शेवटच्या डोसनंतर विकण्याआधी सोडायचे दिवस, पाळावाच लागतो.

माझा कौल असा: एखाद-दुसरं पिल्लू मलूल असेल, मर नसेल तर ॲम्प्रोलियम. रोज मर होतेय आणि तुसावर रक्त दिसतंय, तर पैसे वाचवत बसू नका, टोल्ट्राझुरिल. जुन्या सल्फा औषधांपैकी सल्फाक्विनॉक्सालिन मी टाळतो, कारण मात्रा चुकली तर त्यानेच रक्तस्राव होतो.

औषध कोणतंही असो, ओलं तूस त्याच दिवशी बाहेर गेलं पाहिजे. विष्ठेतली परजीवीची अंडी ओलाव्यात आणि उबेत एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर ते ओलं आहे.

पांढऱ्या हगवणीत निर्णय वेगळा. प्रतिजैविक पशुवैद्याने तपासणीनंतरच ठरवायचं. कोलिस्टिनची जुनी पाकिटं कोणी पुढे केली तर नाही म्हणा, 2019 पासून कोंबड्यांसाठी त्यावर देशात बंदी आहे. औषधाने मर थांबली तरी वाचलेली पिल्लं रोगवाहक राहू शकतात. ती मांसासाठी वाढवा, त्यांची अंडी उबवायला ठेवू नका.

टोल्ट्राझुरिल पोटात जाऊन तीन दिवस झाले तरी नवी मर चालू असेल तर पुन्हा तेच औषध देत बसू नका. रक्तीच्या पाठोपाठ क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूमुळे आतड्याचा दाह येऊ शकतो. मेलेल्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर जाड टॉवेलसारखं खरबरीत दिसलं तर ते पिल्लू तसंच डॉक्टरांकडे घेऊन जा.