इमॅजिका, वेण्णा लेक की कणेरी मठ? आजी-आजोबांसकट निघण्याआधी

नव्वदीच्या दशकात साताऱ्यात-सांगलीत शाळेत असलेल्यांचं लहानपणीचं पार्क बहुतेक एकच, गोराईचं एस्सेलवर्ल्ड. शाळेची सहल, रात्रभर एसटी, पहाटे मुंबई आणि मग खाडी ओलांडायला बोट. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद झालं. म्हणजे "पोरांना आपलं बालपण दाखवू" हा बेत मूळ जागी होण्यासारखा राहिलेला नाही. मग साताऱ्याहून चार पिढ्या घेऊन निघायचं तर कुठे?

मी आधी एकच गोष्ट बघतो. पणजीपासून पणतूपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी एकत्र काही करता येतं का? तिकीट, अंतर, जेवण हे नंतर.

खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 साली उघडलं. साताऱ्याहून खंबाटकी आणि पुणे ओलांडून साधारण चार तास धरा. राइड्स म्हणाल तर तिन्हींत पहिला नंबर, वादच नाही. नायट्रो हा रोलर कोस्टर सुमारे 40 मीटर उंच, पायाखाली फरशी नाही, पाय लोंबकळतात. कॉलेजातली पोरं त्याच्यासाठीच जातात. पण मोठ्या राइड्सना उंचीची अट, शिवाय बीपी, हृदयविकार, पाठदुखी असलेल्यांनी बसू नये अशी पाटी. त्यामुळे दर राइडच्या तोंडाशी घरच्यांचे दोन गट पडतात, बसणारे आणि पिशव्या सांभाळणारे. दुसऱ्या गटात आजी-आजोबा कायमचे, आणि ज्या पाच वर्षांच्या लेकरासाठी एवढा खटाटोप केला तेही बऱ्याचदा तिथेच. तिकीट दारातच, सगळ्या राइड्सचं मिळून. आजी दोनच राइड्समध्ये बसणार असेल तर वयाची सवलत धरूनही ते महाग पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्यांचा डबा गाडीतच राहणार.

एकत्र करण्यासारखं अगदीच काही नाही असंही नाही. अलिबाबाच्या राइडमध्ये डब्यात बसून चोरांवर नेम धरायचा असतो, तिथे आजोबा नातवाला हरवू शकतात. 'आय फॉर इंडिया'त खुर्च्या वर उचलल्या जातात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. चक्कर येत नसेल तर वयस्करांनाही जमावं. संध्याकाळची परेड तर सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी. पण एवढ्यासाठी आईंना दिवसभर उन्हात बसवायचं का, हे खरंच आधी विचारा. त्या "चालेल" म्हणतील. त्यांचं चालेल म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला थीम पार्क म्हणणं ओढूनताणूनच. साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी 1842 साली बांधून घेतलेला तलाव, त्यात नावा, काठावर घोडे, पाळणे आणि भाजलेली कणसं. पण एस्सेलवर्ल्डच्या आठवणी फक्त मधल्या पिढीच्या. इथे आजी-आजोबा लग्नानंतर आलेले असतात, आई-बाबा सहलीला, आणि आता नातवंडं. जो तो दुसऱ्याला "तेव्हा इथे काय होतं" ते सांगत सुटतो. वल्ह्याच्या नावेत नावाडी असतो, त्यामुळे आजीही बसते. फक्त चढता-उतरताना नाव हलते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल तर हाताला धरायला दोघं हवीत. वाटेत पाचगणीचं टेबल लँड घ्या. जांभ्याचं सपाट पठार, वर पोचलं की चढ नाही, आणि टांगा मिळतो.

इथला त्रास रस्त्याचा. पसरणीच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा. सुट्टीच्या शनिवार-रविवारी पाचगणी ते महाबळेश्वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, लहान मुलं आणि मधुमेहाचे पेशंट दोघांनाही ते झेपत नाही. पावसाळा सोडाच, धुक्यात तळंसुद्धा दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार सगळ्यात बरा, स्ट्रॉबेरीही असते.

कणेरी मठ कोल्हापूरच्या पुढे, हायवेपासून जवळ. तिथल्या ग्रामजीवन म्युझियममध्ये बारा बलुतेदार, मोट, खळं, माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलेलं जुनं गाव आहे. इथे गाइड लागत नाही, आजोबाच पाट्यांच्या पुढचं सांगतात आणि मधूनच "ही मोट अशी नसते" म्हणून चूकही काढतात. आठ-दहा वर्षांची मुलं ऐकतात. त्याहून लहान तासाभरात कंटाळतात, त्यांना हात लावायला, चढायला काहीतरी हवं असतं. चालणं बरंच आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिकडे जाऊ नये.

माझं मत विचाराल तर, धाकटं मूल सात-आठच्या आत असेल तर वेण्णा लेक. मुलं दहाच्या पुढची आणि आजोबा शेतीतले असतील तर कणेरी. इमॅजिकाला जायचंच असेल तर ते आपल्या हौसेसाठी आहे हे कबूल करून जावं, आणि पुण्यात आत्या-मावशी असेल तर ज्येष्ठांना सकाळी तिच्याकडे सोडावं. त्यांचा दिवस गप्पांत छान जातो, तुमच्या रांगाही हलक्या मनाने होतात.

सांगलीकरांना कणेरी तास-दीड तासावर, त्यामुळे त्यांनी फार घोळ घालू नये. साताऱ्याहून जाणाऱ्यांनी मात्र कऱ्हाड-पेठ नाक्याच्या पट्ट्यात हायवेचं काम लागलं तर तासभर जास्तीचा धरावा, आणि आजोबांसाठी थांबायची जागा आधीच ठरवून ठेवावी.