रेनिंग, काऊ हॉर्स की रँच व्हर्सटिलिटी: गुणपत्रिका वाचून निवड करा

टेक्सास-ओक्लाहोमाच्या पट्ट्यात क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचे घोडे पाळणाऱ्या नवख्या स्वारापुढे तीन वाटा असतात. १९६६ पासूनच्या नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशनचं, म्हणजे एनआरएचएचं रेनिंग. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या, आज नॅशनल रेन्ड काऊ हॉर्स असोसिएशन (एनआरसीएचए) म्हणवणाऱ्या संघटनेचं रेन्ड काऊ हॉर्स. आणि अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनची व्हर्सटिलिटी रँच हॉर्स. बहुतेक जण घोड्याचा वेग आणि प्रवेश फी पाहून ठरवतात. आमचं स्पष्ट मत आहे की आधी गुणपत्रिका पाहावी. तुमच्या घोड्याचे गुण कुठे गळतात ते कळलं की निवड निम्मी झालेली असते.

तिन्हीकडे ७० म्हणजे साधारण काम. चूक नाही, चमकही नाही.

रेनिंग: ठरलेला आराखडा

इथे गुरं नसतात. रिंगणात फक्त घोडा, स्वार आणि आधीपासून पाठ असलेला आराखडा. त्यात मोठी वेगवान आणि लहान संथ वर्तुळं, लीड, म्हणजे दौडताना पुढे पडणाऱ्या पायांची बाजू, बदलणं, दोन्ही बाजूंना गिरक्या, घसरत थांबणं, थांबून लगेच उलट वळून निघणं आणि किमान १० फूट मागे सरकणं. प्रत्येक कृतीला परीक्षक अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने उणे दीड ते अधिक दीड देतो. दंड वेगळा कापला जातो.

हिशोब असा चालतो. आठ कृतींपैकी चारांना अर्धा-अर्धा गुण मिळाला, बाकी शून्यावर राहिल्या, तर ७२. पण लीड चुकीची राहिली तर दर पाव वर्तुळामागे एक गुण जातो. अर्धं वर्तुळ चुकीच्या लीडवर काढलं की ७२ चे ७० होतात. गिरकी आठव्या हिश्श्यापर्यंत कमी-जास्त झाली तर अर्धा गुण, चतकोरापर्यंत गेली तर एक, आणि चतकोराच्या पुढे गेलात तर थेट शून्य. थांबायला जाताना भिंतीपासून २० फुटांच्या आत आलात तरी अर्धा गुण जातो. तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, पुढे टाच मारली तर पाच.

हे दंड मोजणीचे असल्यामुळे रेनिंग मोजणाऱ्या, शांत डोक्याच्या स्वाराला मानवतं. घोडा मात्र वाट पाहणारा हवा. आराखडा ओळखून स्वतःच थांबायला लागणारा घोडा इथे सगळ्यात महाग पडतो, कारण परीक्षकाला मध्यरेषेजवळची त्याची चुळबुळ लगेच दिसते. उपाय म्हणजे सरावात पूर्ण आराखडा क्वचितच काढायचा. थांबायच्या जागेवरून न थांबता पुढे जायचं, कधी भलतीकडेच थांबायचं.

काऊ हॉर्स: जनावराला आराखडा माहीत नसतो

इथे दोन गुणांची बेरीज होते. आधी रेनिंगसारखं कोरडं, म्हणजे गुराशिवायचं काम, मग एकट्या गुरासोबतचं काम, दोन्ही ६० ते ८० च्या पट्टीवर. गुराच्या कामाचे तीन भाग. रिंगणाच्या टोकाला त्याला अडवून धरणं, ज्याला बॉक्सिंग म्हणतात. मग कुंपणालगत पळवत नेऊन दोन्ही दिशांना किमान एकेकदा वळवणं. शेवटी रिंगणाच्या मध्यात दोन्ही बाजूंनी वर्तुळात फिरवणं.

परीक्षक इथे जनावर किती कठीण होतं हेही पाहतो. मवाळ जनावरावरचं नीटनेटकं काम आणि अंगावर येणाऱ्या जनावराला ताब्यात ठेवणं यांचं मोल सारखं नाही. फारच निकामी जनावर निघालं तर परीक्षक शिट्टी वाजवून दुसरं देऊ शकतो. घोडा जनावराच्या पुढे निघून गेला तर दर घोड्याच्या लांबीमागे एक गुण. कोपऱ्याचा आधार घेऊन वळवलं तरी एक. दोन्ही दिशांना एकेक वळण झालंच नाही तर पाच. आणि घोड्याने जनावराकडे शेपूट केली तर शून्य.

सगळ्यात जास्त चूक कुंपणाजवळ होते. स्वार घाईत घोड्याला जनावराच्या डोक्याच्याही पुढे नेतो, जनावर मागून निसटतं, आणि मग पाठलाग सुरू होतो. घोड्याने आधी जनावराच्या कमरेशी येऊन वेग जुळवायचा, मग खांद्याच्या पुढे सरकून वळवायचं. आणखी एक चूक कमी दिसते पण महागात पडते: कुंपणाजवळ चार-पाच वळणं घेऊन जनावर दमवायचं. दमलेलं जनावर वर्तुळात रेंगाळतं आणि गुण मिळवायची शेवटची जागा हातची जाते.

धोका लपवू नये. भरधाव वेगात, कुंपणाशेजारी, वळणावर घोडा पडू शकतो. म्हणून आधी फक्त बॉक्सिंगचे किंवा बॉक्सिंग आणि हाकणं एवढेच असलेले वर्ग घ्यावेत.

व्हर्सटिलिटी: सगळं थोडं थोडं, आणि दोर

इथे एकाच घोड्याने रँच रायडिंग (वेगवेगळ्या चालींची स्वारी), ट्रेल (अडथळ्यांची वाट), रेनिंग, काऊ वर्क (गुराचं काम), कटिंग (कळपातून एक गुरू वेगळं काढणं) आणि शरीररचना असे वर्ग करायचे. एकाच वर्गात चमकणाऱ्यापेक्षा कुठेच न कोसळणारा घोडा इथे वर येतो. रँच रायडिंगमध्ये ढगळ लोंबणाऱ्या लगामाला तीन गुणांचा दंड आहे, चाल फार संथ असेल तर एक. शो-रिंगणातला घोडा नेमका इथे अडकतो. खुरांना पॉलिश, वेणी घातलेली आयाळ, जोडलेली शेपटी चालत नाही.

काऊ वर्कमध्ये वर्तुळांऐवजी फास टाकायची मुभा असते, आणि रोडिओ पाहून आलेल्यांचा गोंधळ होतो तो इथेच. रोडिओत घड्याळ जिंकतं: जनावराला आघाडी मिळण्याआधीच सुरुवातीचा अडसर तोडला तर १० सेकंद, दोन स्वारांनी मिळून फास टाकायच्या टीम रोपिंगमध्ये जनावराचा मागचा एकच पाय अडकला तर ५ सेकंद जोडले जातात. रँच हॉर्सचा परीक्षक घोडा पाहतो. तो जनावरामागे सरळ जातो का, फास टाकता येईल इतक्या अंतरावर वेग धरून ठेवतो का, दोर ताणला गेल्यावर चारही पायांवर खंबीर उभा राहतो का. फास लवकर बसला पण घोडा बाजूला सरकला, तर ते चांगलं काम नव्हे. दोर खोगिराच्या शिंगाला गुंडाळताना अंगठा वर ठेवायचा. तो दोराखाली सापडला तर तुटतो.

नालाचा प्रश्न

हा खर्च निवडीआधीच विचारात घ्या. रेनिंगच्या घोड्याच्या मागच्या खुरांना रुंद, गुळगुळीत पट्ट्यांचे नाल लागतात, नाहीतर लांब घसरण मिळत नाही. तेच नाल घालून कुंपणालगत गेलात तर वळणावर पाय सटकतो. त्यामुळे काऊ हॉर्सवाले अरुंद पट्टी वापरतात, आणि घसरण थोडी आखूड आली तरी चालवून घेतात. दोन्ही खेळ एकाच मोसमात करायचे असतील तर अरुंदच घाला.

घोडा थंड आणि आज्ञाधारक असेल, गुराकडे कान टवकारत नसेल, तर रेनिंग. गुरं दिसताच मान खाली घालून रोखून पाहणारा, स्वतः हलणारा असेल तर काऊ हॉर्स, पण बॉक्सिंगपासून. दोन्ही साधारण असेल आणि स्वारच नवा असेल तर व्हर्सटिलिटी. तिथे एका दिवसात पाच-सहा वेगळ्या गुणपत्रिका हातात येतात आणि नेमकं कुठे कमी पडतो ते कळतं.

पहिली फी भरण्याआधी एखाद्या स्थानिक शोमध्ये परीक्षकाशेजारी लेखनिक म्हणून बसायला मिळतं का ते विचारा. परीक्षक कृती घडत असतानाच गुण आणि दंड उच्चारतो, लेखनिक उतरवतो. आणि नियमपुस्तिका चालू वर्षाचीच घ्या. दंडाचे आकडे बदलत असतात.