नवी पेठेतील जुन्या हाय-फायची दुरुस्ती
वडिलांचा पट्ट्यावर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्या जोडीचा अॅम्प्लिफायर बरीच वर्षे माळ्यावर पडून होते; ते सोलापूरच्या नवी पेठेतील एका लहानशा दुकानात दुरुस्तीस दिले आणि कबूल केलेल्या मुदतीपेक्षा आठवडाभर उशिरा परत मिळाले. उशीर सोडल्यास कामाबद्दल फारशी तक्रार नाही. रबरी पट्टा सैल पडल्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग टिकत नव्हता व लांबवलेला स्वर थरथरत असे. कारागिरांनी पट्टा बदलला, अॅम्प्लिफायरमधील सुकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) काढून नवे बसवले आणि माझ्यासमोर छोट्या काट्यावर सुईचा भार तोलून तो या कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाला) मानवणाऱ्या २ ग्रॅमवर आणला. आवाजाच्या बटणाची खरखर मात्र पूर्ण गेलेली नाही. मी शहराच्या पूर्व भागात राहत असल्याने दिवसा यंत्रमागांपुढे कोणत्याही स्पीकरचे काही चालत नाही, परंतु रात्री माग थांबले की तानपुऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, खोलीभर पसरते, आणि वीसेक मिनिटांनी तबकडी उलटण्यासाठी उठावे लागते तेही जाचत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, ही सूचना दुकानदारांनी आपणहून केली.