मुलाच्या मुरुमांवरचं जेल: चार महिने वापरल्यावर

माझा मुलगा नववीत आहे. कपाळ आणि दोन्ही गाल मुरुमांनी इतके भरले होते की वर्गाच्या फोटोच्या दिवशी तो पोट दुखतंय म्हणून घरीच राहिला. दिवाळीनंतर स्किनच्या डॉक्टरांनी अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्का आणि बेन्झॉइल परॉक्साइड २.५ टक्के असं एकत्र जेल लिहून दिलं. त्याबद्दल लिहिते.

पहिल्या तीन आठवड्यांत मी ते बंदच करणार होते. नाकाच्या कडेला लाली आली, सालं निघू लागली, वर नव्या पुळ्या. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, "बंद करू नका, एक दिवसाआड लावा, मॉइश्चरायझर आधी." चूक आमचीच होती. तो एकेका पुळीवर जाड थर देत होता. लावायचं ते अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, रात्री, चेहरा धुऊन पूर्ण सुकल्यावर. कारण हे जेल दिसणाऱ्या पुळीपेक्षा आत तयार होणाऱ्या पुढच्या पुळीसाठी असतं. या वयात हार्मोन्समुळे त्वचेत तेल जास्त सुटतं, मृत पेशींनी छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. अ‍ॅडापॅलिन छिद्रं बुजू देत नाही, बेन्झॉइल जंतू मारतं. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून माझ्याऐवजी त्यालाच समजावलं. त्यानंतर जेल लावायची आठवण मला एकदाही करावी लागली नाही.

आठव्या आठवड्यात नव्या पुळ्या कमी झाल्या, बाराव्यात कपाळ स्वच्छ. काळे डाग हळूहळू फिके होतायत. गालावरचे दोन खड्डे मात्र तसेच आहेत, आणि ते जेलने जाणार नाहीत हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ते खड्डे बघितले की मला गणपतीतली माझी चूक आठवते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक क्रीम आणली होती. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, मी खूश! महिन्याभराने थांबवली आणि मुरुमं दुप्पट उसळली. त्यात स्टेरॉइड होतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन वाचलंत तर मुलांच्या मुरुमांना ती अजिबात लावू नका, कुणी कितीही खात्रीने दिली तरी.

जेलबद्दल तक्रार एकच: कापडाचा रंग उडतो. आमच्या निळ्या सोलापुरी चादरीवर पांढरे ठिपके पडलेत, शाळेच्या शर्टाची कॉलरही गेली. उशीला पांढरा अभ्रा घाला, टॉवेल वेगळा ठेवा. दिवसा सनस्क्रीन लागतंच. आणि आजींनी रोज चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरत होतं, ते आता फक्त न्हाण्याआधी तासभर.

पंधरा ग्रॅमची ट्यूब आम्हाला साधारण सव्वा महिना पुरते. चेहरा साफ दिसला तरी थांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून चौथी काल आणली.